विमानात पाऊल ठेवताना

विमान म्हटले की आपली दृष्टी आकाशाकडे जाते. ते किती उंच जाते, किती वेगाने जाते, हेच आपण विचारतो. त्यात शिरावे कसे आणि त्यातून उतरावे कसे, हे कोणी विचारीत नाही. मोठ्या विमानाच्या बाबतीत तसे विचारण्याचे कारणही पडत नाही. आमच्या वाळूजहून शहर ओलांडून पूर्वेस गेले की चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. तेथे उतरणाऱ्या मोठ्या विमानातून उतारू ताठ मानेने बाहेर येतात.

लहान विमानाची गोष्ट निराळी. दोघाचौघांना घेऊन उडणारे हे यान वजनाला हलके असावे लागते. म्हणून त्याची बैठक अरुंद, दार लहान आणि छत ठेंगणे असते. ते आपल्यासाठी वाकत नाही. आपल्यालाच वाकावे लागते.

घोड्यावर बसणारा जसा आधी रिकिबीत पाय ठेवतो, तसा प्रत्येक लहान विमानाचाही आपला एक रिवाज असतो. 'टायगर मॉथ' या जुन्या दुपंखी विमानाचे पंख कापडाने मढवलेले असत. वैमानिक खालच्या पंखाच्या मुळाशी असलेल्या मजबूत पट्टीवरच पाय देई. इतरत्र दिला तर कापड फाटलेच म्हणून समजावे. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले थोर विमानशिल्पी डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आपल्या देशासाठी दोन नामांकित लहान विमाने घडवली. १९५१ मध्ये उडालेल्या 'एच. टी. २' चा पंख खाली होता. म्हणून पंखावर चढून मग आसनात उतरावे लागे. १९५८ च्या 'पुष्पक' चा पंख डोक्यावर होता. तेथे चढण्याचा खटाटोप नव्हता, पण डोके मात्र सांभाळावे लागे.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले होते. निवृत्तीनंतर ते अनुभवण्याचा योग आला. माझा एक विद्यार्थी वैमानिक झाला आहे. त्याने मला आपले 'सेसना' जातीचे छोटे विमान पाहावयास बोलावले. विमान पाहून मन हरखले. पण ते इवलेसे दार पाहताच माझे दुखरे गुडघे आठवले. चारचौघांदेखत कोणी आपल्याला उचलून आत ठेवावे, ही कल्पना मला सोसवेना. "अरे, मी बाहेरूनच पाहतो," असे मी म्हणालो.

तो हसला नाही, की घाईही केली नाही. त्याने आसन रुळावरून पार मागे सरकवले आणि म्हणाला, "सर, पाय आधी आत घालू नका. दाराकडे पाठ करून आसनाच्या कडेवर टेका. डोके खाली घ्या. आता दोन्ही पाय एकदम आत वळवा. दाराला लोंबकळू नका आणि समोरचे सुकाणूही धरू नका. ती आधाराची जागा नव्हे." मी तसे केले आणि अगदी सहज आत बसलो! मग त्याने आसन पुढे घेतले व खटका नीट बसल्याची खात्री केली. उड्डाणाच्या वेळी आसन मागे सरकले, तर वैमानिकाचे हात सुकाणूपर्यंत पोहोचत नाहीत, हे त्याने समजावून सांगितले.

उतरताना हाच क्रम उलटा. मात्र इंजिन बंद होऊन पंखा पूर्ण थांबल्यावाचून पाय बाहेर काढावयाचा नाही, आणि उतरल्यावर पुढे न जाता शेपटीच्या दिशेने जावयाचे. वेगाने फिरणारा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून हा नियम.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'पस मॉथ' या लहान विमानातून कराचीहून मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले. त्या घटनेस पन्नास वर्षे झाली, तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास 'लेपर्ड मॉथ' विमानातून पुन्हा केला. त्या वेळी त्यांचे वय होते अठ्ठ्याहत्तर! त्या उड्डाणाचे सर्वांनी कौतुक केले. मला मात्र वाटते, त्या वयात त्या चिमुकल्या विमानात चढून बसणे हेही कौतुकास्पदच होते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी होणार नाही. पण एस. टी. च्या उंच पायरीपाशी थबकलेले आजोबा किंवा आजी तुम्हा सर्वांना भेटतील. त्यांना मागून "चला, चला" म्हणू नका, ओढूही नका. त्यांची पिशवी हाती घ्या, कोठे धरावे ते दाखवा आणि क्षणभर थांबा. चढतील ते आपल्याच पायांनी.