इरले, घोंगडी आणि माझा रेनकोट

पावसात भिजणे ही कवींची हौस आहे आणि मासे धरणाऱ्यांची अडचण. आमच्या मराठीच्या वर्गात पावसावरच्या कविता शिकवल्या जातात, तेव्हा मी मनातल्या मनात हसतो. त्या कवितांतून कोणाला कधी हुडहुडी भरलेली मला आढळली नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पाऊस म्हटला की आजोबांचे थरथरणारे हात येतात. ती गोष्ट सांगायची म्हणजे माझ्या शहाणपणाचीच फजिती सांगायची. पण वार्षिकांकासाठी खरे लिहावे, असे आमचे सर म्हणतात, म्हणून सांगतो.

माझे गाव कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीला मिळणाऱ्या एका व्हाळाच्या काठी. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर झापांखाली विसावतात. आम्हा आतल्या गावांची मासेमारी मात्र तेव्हाच सुरू होते. मृगाचा पहिला मोठा पाऊस कोसळला की नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट व्हाळांत, शेतांच्या चोंढ्यांत चढू लागतात. मळये, खवळे, ठिगूर! यांना आम्ही चढणीचे मासे म्हणतो. त्या रात्री गावात कोणी झोपत नाही.

अशा रात्री काय घालून बाहेर पडावे, हा आमच्याकडचा जुना प्रश्न आहे. आजीचे उत्तर इरले. बांबूच्या बेळांची विणलेली चौकट, मध्ये पळसाची पाने; लावणीला वाकले की पाठ कोरडी राहते. पण उभे राहून पाग टाकणाऱ्याला इरले कुचकामाचे, कारण हात उचलला की ते आडवे येते आणि वाऱ्यात माणसालाच उडवू पाहते. आजोबांचे उत्तर घोंगडी. देशावरच्या मेंढ्यांच्या जाड काळ्या लोकरीची ही घोंगडी चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली असते. तिची खोळ करून ते डोक्यावरून घेत आणि कमरेला सुंभाने आवळत. पाग टाकताना ती मागे सारता येई. अंगात बंडी, कमरेला पंचा, पाय अनवाणी. घोंगडीतून पाणी झिरपत नसे असे नाही. तासाभराने ती चांगली जड होई आणि तिला ओल्या मेंढीचा वास येई. त्या वासाचीच मला लाज वाटे. कोल्हापूरला वसतिगृहात आलो तेव्हा आजीने ट्रंकेत एक घोंगडी कोंबली होती. खोलीतल्या मित्रांनी पहिल्याच दिवशी विचारले, "मेंढरू कुठे बांधलंय?" मी ती खाटेखाली ढकलली, ती वर्षभर तिथेच राहिली.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस ‘कमवा व शिका’ योजनेतले थोडे पैसे साठले होते. त्यातून मी आजोबांसाठी रेनकोट घेतला. कोट, विजार आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, असा सगळा सरंजाम. आजोबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्या घालून माका लग्नाक जावचा हा काय?" पण मृगाच्या रात्री ते मुकाट्याने तो घालून तयार झाले. आत त्यांचा नेहमीचा सुती सदरा होता. आजीने घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. "कांबळा घेवन जा रे, म्हातारो हट्टी आसा." हट्टी कोण होते हे तिला नेमके ठाऊक असावे.

पहिला तासभर मी विजयाच्या डौलात बॅटरी धरून उभा होतो. पाऊस कोटावरून ओघळत होता; आजोबा कोरडे होते. निदान मला तसे वाटत होते. प्रत्यक्षात पाग फेकून आणि ओढून त्यांना घाम येत होता आणि तो घाम त्या प्लॅस्टिकमधून बाहेर जाऊ शकत नव्हता. सदरा आतूनच ओला होत होता. मग एका दगडावरून त्यांचा पाय घसरला. पाणी मांडीइतकेच होते, पण बूट तोंडापर्यंत भरले. बुटातले पाणी पाण्यात असेतो जड लागत नाही. पाय बाहेर काढायचा म्हटला की मात्र पायाला भरलेली घागर बांधल्यासारखे होते. अनवाणी पायांनी ते चार ढांगांत काठावर आले असते. आता त्यांना मला आणि शेजारच्या काकांना मिळून ओढावे लागले.

"काय नाय, काय नाय," म्हणत त्यांनी पुन्हा पाग हातात घेतला. वारा सुटला होता. थोड्या वेळाने त्यांना मनगटाची दोरी सोडता येईना. दात वाजू लागले. काहीतरी बोलले, ते मला कळले नाही; जीभ जड झाल्यासारखे शब्द येत होते. मला वाटले, गंमत करताहेत! मी हसलोसुद्धा. त्या हसण्याची आठवण मला आजही नकोशी वाटते. काकांनी मात्र बॅटरी त्यांच्या तोंडावर धरली आणि माझ्यावर खेकसले, "बघतंस काय? आंगावरचा ओला काढ आधी!" कोट, विजार, बूट, सदरा सगळे काठावर पडले. आंब्याच्या बुंध्याशी ठेवलेली घोंगडी पावसाने अर्धी भिजली होती. तीच त्यांच्याभोवती गुंडाळली आणि आम्ही त्यांना घरी आणले. आजीने कोरडे कपडे घातले, चुलीपासून थोडे अंतर राखून बसवले आणि मीठ घातलेली गरम पेज घोटाघोटाने पाजली. पहाटे त्यांची थरथर थांबली. तोवर घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

कोकणात, जून महिन्यात, माणूस थंडीने असा गारठतो यावर माझा विश्वास बसेना. सुटी संपल्यावर शास्त्र शाखेतल्या खोलीसोबत्याला विचारले. त्याने सांगितले ते असे: शरीराचे तापमान ३७ अंश असते, ते ३५ च्या खाली गेले की धोका. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओले सूत अंगाला चिकटते, त्यातली हवा निघून जाते आणि वारा लागला की पाणी सुकता सुकता अंगातली ऊब घेऊन जाते. म्हातारपणी शरीराला ती भरूनही काढता येत नाही. लोकरीचे तंतू कुरळे असतात, त्यांच्यात हवा अडकून राहते. आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल शोषूनही लोकर ओली लागत नाही, आणि पुरती भिजली तरी थोडी ऊब राखते. हे सगळे ऐकताना मला आजोबांचे एक जुने वाक्य आठवले. "झिला, पावसाक भियाचा नाय, वाऱ्याक भियाचा." मी ते दहादा ऐकले होते आणि दहादा सोडून दिले होते.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा धीर करून विचारले, "तुम्हाला आधीच कळत होते ना? मग घातलात कशाला?" ते जाळ्याला शिशाच्या गोळ्या ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "तू हौसेन हाडलंस. नाय कसा म्हणू?"

रेनकोट वाया गेला नाही. पुढच्या मृगाला आजोबांनी स्वतःच त्याची व्यवस्था लावली. अंगाशी जुना लोकरी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत कापलेला. त्यावर रेनकोटाचा फक्त कोट, गळ्याशी घाम जाण्यापुरता उघडा. विजार कापून सरपणावर घातली. बूट आजी गोठ्यात वापरते. पाय पूर्वीसारखेच अनवाणी. आणि कोरडे कपडे व घोंगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आंब्याच्या फांदीला टांगलेली. ती टांगण्याचे काम माझ्याकडे आहे.

माझी घोंगडी आता खाटेखाली नसते. कोल्हापुरातल्या थंडीत मित्र ती मागून नेतात, आणि वासाबद्दल हल्ली कोणी काही विचारत नाही.