आऊसाहेबांची तुला

६ जानेवारी १६६५. सूर्यग्रहणाचा पर्वकाळ. त्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरी शिवरायांनी आईची सुवर्णतुला केली. ग्रहणात दान करावं, ही रीत जुनीच. पण राजेलोक बहुधा स्वतःची तुला करवून घेतात. मोगल बादशहा तर दर वाढदिवसाला पारड्यात बसायचे. इथे पारड्यात बसल्या सदुसष्टीला टेकलेल्या जिजाऊ. त्यांच्याबरोबर वृद्ध सोनोपंत डबीरांचीही तुला झाली. मुलानं आधी वडीलधाऱ्यांना मान दिला, हे मला फार मोठं वाटतं.

त्या माउलीनं काय काय सोसलं होतं! १६२९ साली वडील लखुजीराव, भाऊ आणि भाचा देवगिरीवर निजामशाहीच्या दग्यात मारले गेले. थोरला मुलगा संभाजीराजे कनकगिरीला पडला. आणि होदिगेरीहून शहाजीराजांच्या मृत्यूची बातमी आली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. त्या सती जायला निघाल्या होत्या. शिवरायांनी मांडीवर बसून, गळ्याला मिठी मारून त्यांना थोपवलं, असं बखर सांगते. पस्तिशीकडे झुकलेला, सुरत मारून आलेला तो राजा. पण आईपुढे लेकरूच.

आज त्याच महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गेलं की माणसं गोमुखाखाली ओंजळ धरतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. जानेवारीत ते पाणी बोटं बधिर करतं. एखादी म्हातारी आधी नातवाच्या डोळ्यांना पाणी लावते, मग स्वतःच्या. मला तिथे हटकून आऊसाहेब आठवतात, त्याही आजी म्हणूनच.

शिवबाला घडवणाऱ्या आईबद्दल आपण पुष्कळ बोलतो, आजीबद्दल फार कमी. १६५९ साली राजगडावर शिवरायांच्या पत्नी सईबाई वारल्या, तेव्हा त्यांचे चिरंजीव शंभूराजे जेमतेम दोन वर्षांचे. कापूरहोळच्या धाराऊनं त्यांना दूध पाजलं, पण वाढवलं आजीनंच. तुलेनंतर पाचच महिन्यांनी पुरंदरचा तह झाला आणि आठ वर्षांच्या त्या पोराच्या नावे मोगलांची मनसब लागली. पुढच्या वर्षी बापलेक दोघंही आग्ऱ्याला गेले आणि तिथे अडकले. इकडे राज्याचा कारभार आऊसाहेबांच्या शिरावर. राजे सुटून राजगडावर आले, पण एकटेच! पोर मथुरेत ठेवलेलं. लेक समोर दिसतोय आणि नातू परमुलखात, त्या दिवसांत त्या माउलीच्या घशाखाली घास कसा उतरला असेल? शंभूराजे मागाहून सुखरूप आले.

रायगडावरचा वारा उतारवयात मानवेना, म्हणून राजांनी त्यांच्यासाठी गडाच्या पायथ्याशी पाचाडला वाडा बांधला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्यांनी पाचाडला डोळे मिटले. लोक म्हणतात, लेकाचं सिंहासन बघायलाच त्या थांबल्या होत्या. खरंच आहे. पण मला वाटतं, त्या नातवासाठीही थांबल्या होत्या. आईवेगळं होऊन त्यांच्या पदरात आलेलं ते दोन वर्षांचं पोर सतरा वर्षांचं झालं होतं, आणि त्या सोहळ्यात युवराज म्हणून बसलेलं त्यांनी पाहिलं.