जुनी रेल्वे लाईन

लातुरात पत्ता सांगताना अजूनही ‘जुनी रेल्वे लाईन’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. रूळ उखडून कितीतरी वर्षं झाली, आजूबाजूला क्लासेसच्या पाट्या लागल्या, बारावीला इथं शिकायला आलेल्या पोरांनी ती गाडी फोटोतसुद्धा पाहिलेली नसते. तरी खोली शोधताना तीही तेच विचारतात.

ती गाडी म्हणजे बार्शी लाईट. एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदवली आणि १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. त्याचं सगळं गणित एका आकड्यावर उभं होतं. इंजिन असो, डबा असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सारखा वाटला गेला की हलके रूळ टिकतात, आणि रूळ हलके असले की थोड्या पैशांत लांबवर जाता येतं. (याच माणसानं पुढं विमानातून उडी मारायची पॅराशूट बनवली. वजन कुणालाही लागू न देता उतरवायचं, हा त्याचा ध्यासच असावा.)

१९०७ मध्ये गाडी तडवळ्याला आली आणि १९११ मध्ये लातूरला. तेव्हा लातूर निजामाच्या मुलखात होतं आणि रूळ इथंच संपत होते. गंजगोलाई झाली १९१७ मध्ये. सोळा रस्ते एका जागी आणणारी ती गोलाई लातूरकर पाहुण्यांना हौसेनं दाखवतात, पण स्टेशन तिच्या आधीचं, हे सांगायचं विसरतात. तूर, हरभरा, करडई, भुईमूग असा सगळा माल पोत्यांनी स्टेशनावर यायचा आणि कुर्डुवाडीला जायचा. तिथं रुळाचं माप बदलायचं. छोट्या वाघिणीतलं पोतं मोठ्या वाघिणीत चढायचं ते हमालाच्या पाठीवरून. लातूरच्या डाळीची कीर्ती सांगताना या पाठींचा हिशेब कुणी धरत नाही.

सायकलवाला गाडीच्या पुढं जायचा, ही गोष्ट सगळेच सांगतात आणि हसतात. मला त्यात फार रस नाही. वेगापेक्षा तिचे थांबे मला महत्त्वाचे वाटतात. हरंगूळ, मुरूड, ढोकी, तडवळे, येडशी. ज्या गावांची नावं तालुक्याच्या कचेरीबाहेर कुणी घेत नव्हतं, तिथं ती रोज थांबायची. आषाढीला पंढरीची माणसं डब्यात मावायची नाहीत, तेव्हा टपावर बसायची. तडवळ्यातच फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली, त्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९४८ मध्ये निजाम गेला, १ जानेवारी १९५४ ला कंपनीही गेली आणि गाडी सरकारची झाली. मिरज ते लातूर, सव्वातीनशे किलोमीटर. पाटी बदलली, चाल तीच राहिली.

मग तिला घालवलं कुणी? आपणच. शोक करताना हे लपवण्यात अर्थ नाही. नांदेडला मीटरगेज, लातूरला नॅरोगेज, आणि लातूरचं नाव लावून बसलेल्या लातूर रोडला ब्रॉडगेज. एका मराठवाड्यात तीन मापांचे रूळ. लातूर आणि लातूर रोड यांच्यात तर कितीतरी वर्षं रूळच नव्हता. रुंद रूळ द्या, म्हणून गोविंदभाई श्रॉफांच्या पुढाकारानं मराठवाडा वर्षानुवर्षं भांडला, आणि ते भांडण खरं होतं. २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला. जुन्या रुळांनी कधी न शिवलेल्या उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, गाडी मिळाली. लातूरकर रात्री झोपून सकाळी मुंबईत उतरू लागला. नवं स्टेशन मात्र गावाबाहेर गेलं. पूर्वी बोचकं डोक्यावर घेऊन बाई गाडीतून उतरली की पायीच बाजारात पोचायची. आता उतरल्यावर आधी रिक्षाचं भाडं ठरवावं लागतं.

मार्च २०१६ मध्ये जपानच्या होक्काइडो बेटावरचं क्यू-शिराताकी हे चिमुकलं स्टेशन बंद झालं. एका शाळकरी मुलीसाठी तिथं गाडी थांबते, ही बातमी त्याआधीच जगभर फिरली होती. तिच्यात खरं किती आणि तिखटमीठ किती, हा भाग वेगळा. पण आपल्याकडच्या लोकांनीही ती डोळे पुसत एकमेकांना पाठवली. ढोकी-मुरूडहून पास काढून बार्शी लाईटनं शिकायला येणाऱ्या पोरांसाठी कुणी डोळे पुसल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्याच वर्षी १२ एप्रिलला लातूरच्या नव्या स्टेशनात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणी येऊ लागल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर : बार्शी लाईटचाच जुना रस्ता, अधूनमधून वळण बदललेला. मी तेव्हा हिशेब करून पाहिला. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच पन्नास टन. कालथ्रॉपच्या नियमानं चार आसांच्या वाघिणीला स्वतःच्या वजनासकट वीस टनांची मुभा. आमच्या लाडक्या गाडीनं एवढं पाणी आणायचं म्हटलं असतं, तर तिला तिपटीहून जास्त वाघिणी लागल्या असत्या, आणि हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी तिच्या संथ चालीचं कौतुक नक्कीच केलं नसतं.