वार आणि गाठ

बाळाची निम्मी जनुकं बापाकडून आलेली असतात. म्हणजे आईच्या शरीराच्या लेखी ते परकंच. नवऱ्याचं मूत्रपिंड बायकोला बसवलं, तर ते टिकवायला जन्मभर औषधं घ्यावी लागतात. त्याचं बाळ मात्र औषधांवाचून नऊ महिने सुखरूप वाढतं. हा पेच प्रतिकारशक्तीचे अभ्यासक पीटर मेडावर यांनी १९५३मध्ये मांडला. गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती सुस्तावत असावी, हे त्यांनी सुचवलेलं एक उत्तर. ते आजही अनेकांच्या डोक्यात घर करून आहे.

पहिल्या तिमाहीतलं गर्भाशयाचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की सुस्तीचं नावही दिसत नाही. तपकिरी रंगवलेल्या एनके (नॅचरल किलर, म्हणजे नैसर्गिक मारक) पेशींची तिथे दाटी असते. तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच. रक्तातल्या एनके पेशी विषाणूग्रस्त किंवा कर्करोगाच्या पेशींना मारतात. अस्तरातल्या एनके पेशींच्या पोटातही तेच मारक कण असतात, पण त्या गर्भाच्या वाटेला जात नाहीत. त्या नागमोडी धमन्यांभोवती जमतात आणि भिंतीतले स्नायू सैल करू लागतात. वारेच्या पेशींवर एचएलए-जी नावाचं प्रथिन असतं, एनके पेशींना ते ओळखता येतं. मग वारेच्या पेशी धमनीत शिरतात आणि तिचं अरुंद तोंड चांगलं रुंद होतं. हे काम अर्धवट राहिलं, तर बाळाला रक्त कमी पडतं आणि पुढे आईचा रक्तदाब चढू शकतो.

रक्तातल्या एनके पेशी मोजून अस्तरातल्या पेशींविषयी काही कळत नाही. तरीही वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना ही तपासणी आणि त्यापाठोपाठ महागडी सलाइनं सुचवली जातात, याची मला चीड येते. आशेवर जगणाऱ्या जोडप्याचा पैसा असा घेऊ नये.

कर्करोगाची गाठ वारेच्याच युक्त्या वापरते. अनेक गाठी एचएलए-जी तयार करतात, पीडी-एल१ प्रथिनानं टी-पेशींना लगाम घालतात, नियामक टी-पेशी जवळ ओढतात. फरक पडतो तो मर्यादेत. वार गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत जाते आणि थांबते. तिला थांबवण्यात अस्तराचा मोठा वाटा आहे. सिझेरियनच्या जुन्या व्रणावर अस्तर नीट नसतं. तिथे वार रुजली तर ती स्नायूत खोल घुसू शकते आणि बाळंतपणात सुटत नाही, रक्तस्राव आवरता आवरत नाही. माझ्या मते कर्करोगाच्या अभ्यासकांनी या अस्तराकडे अजून पुरेसं पाहिलेलं नाही. आक्रमण होऊ द्यायचं आणि ठरावीक जागी रोखायचं, हे आपल्या शरीरात इतक्या नेमकेपणानं दुसरीकडे कुठे घडतं?

क्वचित वारेच्या पेशींचीच गाठ होते, बहुधा द्राक्षगर्भानंतर, म्हणजे वारेची सदोष, घडासारखी वाढ झाल्यावर. मेथोट्रेक्सेटनं अशा गाठी बऱ्या होऊ लागल्या त्या १९५०च्या दशकात. हे औषध चालेनासं झालेल्या १५ स्त्रियांना फ्रान्समध्ये पीडी-एल१चा लगाम काढणारं अ‍ॅव्हेलुमॅब दिलं गेलं. २०२०मध्ये निष्कर्ष आले: आठजणींच्या रक्तातलं एचसीजी, म्हणजे या गाठींची खूण असलेलं संप्रेरक, पूर्ववत झालं होतं. उंदरांत हाच लगाम गर्भारपणात काढला, तर गर्भ टिकण्याचं प्रमाण घटतं. म्हणून या औषधांच्या काळात दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात. त्या आठजणींपैकी एकीला उपचार संपल्यावर दिवस राहिले आणि निरोगी बाळ झालं.