कव्वालीचा वाद आणि नावातलं गाव

वऱ्हाडातल्या मुसलमान मोहल्ल्यांत दोन वाद कधी मिटत नाहीत. चंद्र दिसला की नाही, हा एक. आणि सगळ्यात मोठी कव्वाली कोणती, हा दुसरा. पहिला वर्षातून एक-दोनदा डोकं वर काढतो आणि शीरखुर्मा पोटात गेला की शांत होतो. दुसरा बारमाही आहे. अकोल्याच्या ताजनापेठेतलं सलून असो की अमरावतीच्या इतवाऱ्यातलं चहाचं दुकान, कुणाच्या तरी मोबाइलवर अझीझ नाझां सुरू होतात आणि दोन माणसं आपापलं काम सोडून भांडायला बसतात.

आम्हीही त्यांतलेच. आम्ही पाच-सहाजण अकोल्याहून बडनेऱ्याच्या बाजूला रोज अप-डाऊन करणारे मास्तर. बहुतेक उर्दू शाळांतले, एक मराठी शाळेतले. बोरगाव गेलं की डबे उघडतात आणि काटेपूर्णा येईस्तोवर वादाला तोंड फुटलेलं असतं. पगार, बदल्या, शाळाबाह्य कामं या विषयांवर आमचं एकमत असतं, त्यामुळे त्यांत मजा नाही. कव्वालीवर मात्र आजवर एकमत झालेलं नाही.

आमच्यात सगळ्यात मोठा गट 'चढता सूरज'वाल्यांचा. त्यांचं म्हणणं असं की, ज्या गाण्यानं श्रीमंताला कबर आठवते आणि गरिबाला धीर येतो, त्याच्यापुढे दुसरं काय टिकणार? रिक्षात, ट्रकमध्ये, उरसाच्या दुकानात, सगळीकडे तेच वाजतं. २०१७ साली 'इंदू सरकार' या चित्रपटात ती कव्वाली पुन्हा घेतली गेली, ती अझीझ नाझां यांचे चिरंजीव मुज्तबा यांच्या आवाजात. नव्या पोरांना वाटलं, नवीनच गाणं आलं. दुसरा गट 'झूम बराबर झूम शराबी'चा. १९७४ च्या 'फाईव्ह रायफल्स'मधली ही कव्वाली लग्नाच्या बँडवाल्यांनी सगळ्या धर्मांच्या वरातींत पोहोचवली. यावर आमचे फारसीचे जाणकार सर हमखास विचारतात, "अहो, ज्यांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, ते कसले झुमतात?" मग सुफी शायरीतली शराब म्हणजे इश्के-हकीकी की सरळसरळ बाटली, यावर मूर्तिजापूर येतं.

तिसरे आमच्यातले वयानं मोठे. ते १९५८ च्या 'अल हिलाल'पासून सुरुवात करतात. इस्माईल आझाद यांच्या 'हमें तो लूट लिया'नं कव्वालाला सिनेमात मान मिळवून दिला, बाकीचे सगळे नंतरचे, असं त्यांचं ठाम मत. चौथे सर 'बरसात की रात'चे. १९६० चा हा सिनेमा म्हणजे मुकाबल्यावरच उभा आहे. साहिरची लेखणी, रोशनचं संगीत, मन्ना डे, आशा, सुधा मल्होत्रा, बातिश आणि शेवटी रफी. पण या सरांना लगेच टोला बसतो: "स्टुडिओत घासूनपुसून केलेली कव्वाली ती कव्वाली का? उरसात रात्री दोन वाजता लोकांना झोपेतून उठवून दाखवा!" मग कुणी साबरी बंधूंचं नाव काढतं, कुणी नुसरत फतेह अली खाँचं. कुणी म्हणतं, शकीला बानो भोपालींना विसरू नका. पुरुषांनी भरलेल्या मैफलीत बाईनं स्टेजवर बसून समोरच्याला शेराचं उत्तर शेरानं द्यायचं, हे धाडस कुणाचं होतं? १९८४ च्या वायुकांडात त्यांची प्रकृती आणि आवाज दोन्ही गेलं. हे आठवलं की डबा थोडा वेळ गप्प होतो.

मूर्तिजापूरच्या मराठी शाळेतले आमचे सर आंबेडकरी चळवळीतले. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "काहून बाप्पा, आमच्या प्रल्हाद शिंदेले तुमी गिनतीतच घेत नाई?" प्रश्न रास्त होता. प्रल्हाद शिंदे भक्तिगीतांइतकेच कव्वालीसाठीही नावाजलेले होते. विदर्भात भीमजयंतीच्या रात्री कव्वालीचे मुकाबले होत आले आहेत. तीच ढोलक, तोच बेंजो, तीच टाळी, फक्त मनकबतीच्या जागी बाबासाहेबांचं गाणं. त्या दिवसापासून आमच्या वादात एक गट वाढला.

बाहेरच्या माणसाला हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटेल. पण या वादाला शिस्त आहे. नुसतं "आवडते" म्हणून चालत नाही. कव्वाल गिरह कशी लावतो, म्हणजे मूळ ओळ सोडून दुसऱ्या शायराचा शेर मध्ये आणून पुन्हा त्याच ओळीवर कसा उतरतो, हे सांगावं लागतं. एकच ओळ वीस वेळा म्हणताना दर वेळी तिचा अर्थ कसा बदलतो, ते दाखवावं लागतं. मागे बसलेले हमनवा टाळी कुठे घट्ट करतात, कुठे सैल सोडतात, हेही पाहतात. आमच्यातल्या बहुतेकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून, अचलपूरला दुल्हा रहमान शाह यांच्या दर्ग्यावर, मंगरुळपीरला, सैलानीला, नागपूरच्या ताजाबादला ऐकता ऐकता कानात बसलं. हम्द, नात, मनकबत, मग गझल आणि पहाटे रंग, हा क्रम आम्हाला अंकगणिताच्या आधी पाठ झाला.

कव्वाली ऐकणंच योग्य नाही, असं मानणारेही आमच्या डब्यात आहेत. बाळापूरला नक्शबंदी खानकाह आहे. त्या सिलसिल्यात साधारणपणे वाद्यांसह समा नाही, तर चिश्तियांकडे समाला मोठं स्थान. उलमांमधला हा मतभेद शेकडो वर्षांचा आहे, तो आम्ही मास्तर लोक गाडीत सोडवू शकणार नाही. आमचे एक हाफीज सर कव्वाली सुरू झाली की खिडकीकडे तोंड करून बसतात. पण कुणी शेर चुकीचा म्हटला तर खिडकीबाहेर पाहतच तो दुरुस्त करतात. आम्ही हसतो, तेही हसतात. मतभेद असूनही एका बाकावर बसता येतं, एवढं तरी या गाडीनं शिकवलं.

मध्यंतरी आमच्यातले संगणक शिकवणारे सर सांगत होते की, अमेरिकेतही असे वाद चालतात. तिकडे दक्षिणेकडच्या राज्यांत रॉक गाण्यांचा एक प्रकार आहे, सदर्न रॉक. त्याचे शौकीन 'फ्री बर्ड' मोठं की ऑलमन बंधूंचं एखादं, यावर तासन्‌तास भांडतात. कुठल्याही मैफलीत मागून कुणीतरी 'फ्री बर्ड' म्हणून ओरडतोच, जसा आपल्याकडे 'चढता सूरज' म्हणून ओरडतो. नील यंग नावाच्या गायकानं 'सदर्न मॅन' आणि 'अलाबामा' या गाण्यांतून दक्षिणेतल्या वर्णद्वेषावर बोट ठेवलं. त्याला लिनर्ड स्किनर्ड या मंडळींनी १९७४ साली 'स्वीट होम अलाबामा' गाऊन जवाब दिला. म्हणजे जवाबी मुकाबलाच! आणि तोही आपल्या 'झूम बराबर'च्याच वर्षी. या मंडळींच्या स्टेजवर गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या राज्यांचा झेंडा लागायचा. त्यामुळे तिकडे गाण्यावरचा वाद हळूहळू "आपण कोण, आपली माती कोणती आणि त्या मातीतल्या कुठल्या गोष्टीचा अभिमान बाळगायचा" या वादावर येतो.

हे ऐकलं आणि आमच्या वादाकडे आम्ही वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. आमच्याकडे माती कुठे आहे? अझीझ नाझां मुंबईचे, हे सगळ्यांना ठाऊक. पण गायकाच्या पलीकडे वाद जात नाही. 'झूम बराबर' कुणी लिहिली? 'चढता सूरज' कुणाचं कलाम? डब्यात विचारलं तर एरवी तोंडाला तोंड देणारे सगळे गप्प.

उत्तर असं आहे. 'झूम बराबर झूम शराबी' नाझां शोलापुरी यांची. 'चढता सूरज' कैसर रत्नागिरवी यांची.

उर्दूत शायर आपल्या तखल्लुसाला गावाचं नाव जोडतो. आठवीच्या वर्गात आम्ही ही निस्बत शिकवतो. साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी, शकील बदायूनी ही उदाहरणं मुलं धडाधड सांगतात. फळ्यावर 'शोलापुरी' आणि 'रत्नागिरवी' लिहिलं, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, ये अपने वाला सोलापूर है क्या? चादर वाला?" होय, बेटा, तोच. आणि आपल्या आंब्याची तीच रत्नागिरी. वर्गात जी हालचाल झाली ती आम्ही कधी विसरणार नाही. उर्दू म्हणजे लखनौ-दिल्लीची, आपण तिचे लांबचे पाहुणे, असं त्या लेकरांच्या मनात कुणीतरी घालून ठेवलं आहे. शेजारी म्हणतात, ही तुमची भाषा बाहेरची. आपलेच काही लोक म्हणतात, तुमचा लहजा गावठी, दखनी. आणि इकडे ज्या दोन कव्वाल्यांवर सगळा हिंदुस्थान डोलला, त्या दोन्हींच्या शायरांच्या नावात महाराष्ट्रातली गावं आहेत.

ही देवाणघेवाण एकाच बाजूची नाही. अमरावतीच्याच सुरेश भटांनी उर्दूतली गझल मराठीत अशी रुजवली की, आज मराठी गझल म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच निघतं. ज्या सोलापूरचं नाव नाझांनी आपल्या नावापुढे लावलं, त्याच सोलापुरात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्या संमेलनाच्या परंपरेतच आज आपण हा अंक वाचतो आहोत. एका गावातून उर्दू कव्वाली निघते आणि मुसलमानांच्या मराठी लेखनाची चळवळही निघते. यात विसंगती पाहणाऱ्यांनी एकदा वऱ्हाडात येऊन आमच्या घरी जेवावं. आम्ही आईशी दखनी, भाजीवाल्याशी वऱ्हाडी, वर्गात उर्दू बोलतो आणि मनीऑर्डरपासून लेखापर्यंत सगळं मराठीत लिहितो. आम्हाला यांतली एकही भाषा परकी वाटत नाही.

पण अभिमानानं काम भागत नाही. अकोल्यात आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत, पेशानं शिंपी. तरुणपणी ते जवळपासच्या कव्वाल पार्ट्यांना कलाम लिहून द्यायचे. मोबदला म्हणजे चहा, पान आणि कधी एखादं जाकीट शिवायला मिळायचं तेवढंच. मशीनच्या खणात त्यांच्या नऊ बयाजा आहेत, कापडात गुंडाळलेल्या. आम्ही पाहायला मागितल्या तर म्हणाले, "मास्टर, देख लो. घर में तो अब कोई पढ़ने वाला नहीं." मुलं मराठी माध्यमात शिकली, नातवंडं इंग्रजीत. कुणाचा दोष नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण आजोबांच्या घरात आजोबांचीच अक्षरं कुणाला लागत नाहीत, ही गोष्ट आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना झोप लागू देत नाही.

एका बयाजेत त्यांची एक नात होती. ती आम्ही लहानपणी उरसात ऐकली होती आणि मोठ्या कुणा शायराची समजत आलो होतो. "चाचा, ही तुमची?" ते म्हणाले, "मेरी है. लेकिन कव्वाल ने मक्ते में से मेरा नाम निकाल के अपना डाल दिया था." सांगताना चेहऱ्यावर राग नव्हता. सुईत दोरा ओवता ओवताच बोलत होते.

अशी किती नावं निघून गेली असतील? आता तर मैफलीच कमी झाल्या. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहानंतरच्या भोंग्यांबाबत कडक निकाल दिला. आजारी माणसासाठी, परीक्षेच्या मुलांसाठी ते योग्यच आहे. पण पहाटेपर्यंत चालणारा मुकाबला दहाच्या आत बसत नाही. गिरह लागेपर्यंत माइक बंद करायची वेळ होते. त्याआधी कॅसेट होती, तिच्या कागदावर निदान बारीक अक्षरांत शायराचं नाव सापडायचं. आता मोबाइलवर गाणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, सोबत नाव जाईलच असं नाही. जे नाझां आणि कैसर यांच्याबाबतीत घडतं, ते गल्लीतल्या शिंपीचाचांच्या बाबतीत घडायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून आम्ही गाडीत एक कायदा केला आहे. ज्याला आपली कव्वाली सगळ्यात मोठी म्हणायची असेल, त्यानं आधी शायराचं नाव सांगायचं. नाव माहीत नसेल तर त्या दिवशी त्याचं मत धरायचं नाही. आता आदल्या रात्री सगळे अभ्यास करून येतात. त्यातून 'अल हिलाल'च्या कव्वालीचे शेवन रिझवी सापडले, 'भर दो झोली'चे पुरनम इलाहाबादी सापडले. मराठीच्या सरांनी वामनदादा कर्डकांचा जिल्हाही सांगितला, नाशिक.

आणि दर रविवारी आमच्यातले दोघे चाचांच्या दुकानात बसतात. एक जण बयाज वाचतो, दुसरा ती देवनागरीत उतरवतो, अवघड शब्दांचा अर्थ खाली मराठीत देतो, म्हणजे चाचांच्या नातवालाही वाचता येईल. आतापर्यंत दोन बयाजा झाल्या, सात बाकी आहेत. मक्त्यात चाचांचं नाव परत घातलं आहे. पुढे 'अकोलवी' जोडू का, असं विचारलं तर ते लाजले आणि म्हणाले, "लिख दो. अब किस का डर है?"

वाचकहो, तुमच्याही गल्लीत असे एखादे चाचा असतील. त्यांच्या बयाजा रद्दीत जाण्याआधी एकदा विचारून पाहा. सगळ्यात मोठी कव्वाली कुठली, हा वाद आपण त्यानंतरही आरामात घालू शकतो.