अळ्यांची साक्ष

‘गुडी’ म्हणजे तेलुगूत देऊळ. आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या गुडीहत्नूरला हे नाव शोभून दिसे. कारण माझ्या लहानपणी गावातला तंटा पोलीस ठाण्याआधी देवळाच्या ओट्यावर येई. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि सरकारी कागदांत निजामी अमदानीतून उरलेले उर्दू शब्द, अशा तीन भाषांतून आमचा न्याय चाले. त्या ओट्यावरचा एक निवाडा मी अकरा वर्षांचा असताना ऐकला. पुढे वकील झालो, न्यायालयांत कितीतरी निकाल ऐकले. पण मनात सलतो तो तोच.

पोळा होऊन आठ-दहा दिवस लोटले होते. गावातल्या एका विधवा बाईने आपल्या जोडीतला एक बैल कापसाच्या डवरणीसाठी शेजारच्या शेतकऱ्याला आठवड्याच्या बोलीने दिला होता. सोमवारी सकाळी तो ओढ्याच्या घळीत मेलेला सापडला. शेतकरी म्हणे, “शनिवारी दिवेलागणीला मी बैल हिच्या दावणीला बांधला, मग तो सुटून कुठे पडला, मी काय जाणे?” बाई म्हणे, “बैल परत आलाच नाही.” पाहणारा कोणी नव्हता. घळीवर पळसाची दाट झाडी, त्यामुळे गिधाडांनाही तो दिसला नव्हता. (तेव्हा आभाळात गिधाडे होती. गुरांना टोचायचे डायक्लोफेनॅक त्यांच्या पोटात जाऊन ती पुढे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली ती २००६ साली.)

मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते वृद्ध गृहस्थ घळीत उतरले. सारे गाव त्यांना बाबा म्हणे. मोठी माणसे नाकाला उपरणे लावून काठावरच थांबली. आम्ही दोघे-तिघे मुले मात्र बाबांच्या मागोमाग खाली घसरलो. बाबांनी प्रेताकडे फारसे पाहिलेच नाही. त्याच्यापासून दोन हातांवरची माती त्यांनी काठीने उकरली. आत पांढुरक्या, गलेलठ्ठ अळ्या होत्या आणि त्यांच्यात काही तांबूस, कडक, बियांसारखे दाणे.

“हे बघ पोरा,” ते मला म्हणाले, “पोट भरलं की ह्या मढं सोडून मातीत शिरतात. ही बघ, तांबडी झाली; आता हिची माशी व्हायची. पाच राती झाल्याबिगर हे व्हत नाही.”

मी बोटे मोजली. बैल बुधवारीच मेला होता!

ओट्यावर बाबांनी हेच सांगितले. अर्थात पायरीखाली उभे राहून. पंचांतले एक विद्वान हसून म्हणाले, “सृष्टी चार प्रकारची: जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. कृमी हे स्वेदज, कुजण्यातून आपोआप उपजणारे. त्यांच्यावरून वार कसा ठरायचा?” सभाही हसली. माझे आजोबा पंचांत होते. ते हसले नाहीत, बोललेही नाहीत. निवाडा झाला: नुकसान दोघांनी निम्मे निम्मे सोसावे. बाबांचे बोलणे कागदावर आलेच नाही.

वकिलीच्या अभ्यासात न्यायवैद्यकाची पुस्तके चाळताना ती घळ मला पुन्हा भेटली. मांस झाकून ठेवले, माशीला शिवू दिले नाही, तर त्यात अळी पडत नाही, हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेडीने १६६८ साली प्रयोगाने दाखवले होते. म्हणजे अळी अंडजच! हिरव्या-निळ्या माश्या प्रेताचा वास येताच काही तासांत तेथे अंडी घालतात. अळी दोनदा कात टाकून वाढते, खाणे संपले की दूर जाऊन मातीत कोश करते. या प्रत्येक अवस्थेला लागणारा काळ हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतो. उन्हाळ्यात हे घड्याळ घाईने चालते, थंडीत रेंगाळते.

चीनमधल्या सुङ् त्स या न्यायाधिकाऱ्याच्या १२४७ सालच्या ग्रंथात एका खुनाची हकीकत आहे. अधिकाऱ्याने गावातले सारे विळे उन्हात मांडायला लावले. धुतलेल्या एकाच विळ्यावर माश्या घोंगावू लागल्या, आणि त्याचा धनी कबुलीला आला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण डॉ. बक रक्स्टन यांचे. हे मुंबईत जन्मलेले पारशी डॉक्टर इंग्लंडात लँकेस्टरला व्यवसाय करीत. २९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडातल्या मॉफटजवळच्या घळीत (तेथेही घळच!) दोन स्त्रियांच्या देहाचे तुकडे सापडले. ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी त्यांवरील अळ्या तपासून त्यांचे वय बारा ते चौदा दिवसांचे ठरवले. डॉक्टरांची पत्नी आणि मुलांची दाई १५ सप्टेंबरच्या सुमारास नाहीशा झाल्या होत्या. इतर पुरावाही भक्कम होता. १२ मे १९३६ रोजी रक्स्टन फाशी गेले.

आता वकील या नात्याने मी बाबांची उलटतपासणी मनात अनेकदा घेतली आहे. अळीचे वय म्हणजे मृत्यूची वेळ नव्हे. माशी तेथे केव्हा पोचली एवढेच ती सांगते. शिवाय जुवाने सोललेल्या खांद्यात जिवंतपणीच किडे पडले असले तर? मग सगळा हिशेब चुकतो. त्या बैलाच्या खांद्याला जखम होती का? मला आठवत नाही. कोणी पाहिलेच नव्हते. प्रश्न विचारण्याइतकाही मान त्या साक्षीला मिळाला नाही, याचे मला आज दुःख होते.

१८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ परदेशी कायदा, शास्त्र वा कला यांत विशेष निपुण असणाऱ्याचे मत ग्राह्य मानी. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ‘किंवा अन्य कोणतेही क्षेत्र’ अशी भर पडली आहे. ते कलम प्रथम वाचले तेव्हा मला पायरीखाली काठी टेकून उभे असलेले बाबाच दिसले.

त्या बाईपाशी एकच बैल उरला होता. पुढच्या वर्षी पेरणीला तिने दुसरा आणला तो आमच्या गोठ्यातून. आजोबांनी भाडे घेतले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही घेतले नाही. आजीने कारण विचारले तर ते उठून बाहेर जात.