फिल्टर केवढा घ्यावा?

आमच्या हॉस्टेलात दोन पक्ष आहेत. चहावाले आणि कॉफीवाले. चहावाल्यांचं बहुमत कायमचं. गेटबाहेरची टपरी हे त्यांचं पक्ष कार्यालय आणि कटिंग हे निवडणूक चिन्ह! कॉफीवाले बिचारे अल्पसंख्य. त्यांची कॉफी म्हणजे सबमिशनच्या रात्री कोमट पाण्यात चमच्याने ढवळलेली इन्स्टंट पावडर. ती पिऊन झोप जाते हे खरं, पण चवीबद्दल कुणी बोलत नाही.

मी जन्माने चहावाला. तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस फक्त कॉफी फिल्टर या एकाच विषयाचा अभ्यास केला. एवढा अभ्यास सॉइल मेकॅनिक्सचा केला असता तर... असो. गंमत म्हणजे सॉइल मेकॅनिक्सच शेवटी कामाला आलं. ते पुढे सांगतोच.

आमचं घर देवनारला. देवनार म्हटलं की लोकांना आधी डंपिंग ग्राउंड आठवतं, मग कत्तलखाना. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हीसुद्धा देवनारलाच आहे, हे सांगावं लागतं. आणि आणखी एक गोष्ट कुणाला माहीत नसते. आमच्या भागात पहाटे कॉफीचा वास येतो. शेजारचं चेंबूर म्हणजे तमिळ कुटुंबांची जुनी वस्ती. छेडानगरला मुरुगनचं देऊळ आहे. ही वस्ती सरकत सरकत आमच्या बिल्डिंगपर्यंत आली आहे, आणि समोरच्या दारात मामी राहतात.

आई महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स आहे. सकाळची ड्युटी सात वाजता सुरू होते, म्हणजे सहाच्या आत घर सोडून गोवंडी स्टेशन गाठायचं. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात, महिन्यातून एकदा येतात. मी हॉस्टेलला. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस घरात आई एकटी. एकटीसाठी ती स्वतःहून काही करून पिणार नाही, हे मला माहीत आहे. तरी अकरा वर्षं तिची सकाळ कोरडी गेली नाही, कारण पाच वाजता मामी दार वाजवून स्टीलच्या टंबलरमध्ये कॉफी देत. बदल्यात आईने मामींचं बीपी तपासायचं. दोन्ही बाजूंनी हिशेब कधी झाला नाही.

आता मामी मुलाकडे बंगळूरला चालल्या. कायमच्या. आईला विचारलं, सकाळचं काय करणार? ती म्हणाली, "काय करायचंय? हॉस्पिटलच्या कॅन्टीनला चहा मिळतो की." कॅन्टीनचा चहा साडेनऊला मिळतो. तोवर दोन वॉर्ड पालथे घालून झालेले असतात. तेव्हा ठरवलं, घरात कॉफीचं यंत्र आणायचं. कुठलं, हाच प्रश्न.

पहिला उमेदवार माळ्यावरच होता. कुठल्याशा लग्नात मिळालेला विजेचा ड्रिप कॉफी मेकर, दहा कपांचा, खोक्यातून कधीच बाहेर न आलेला. उघडून पाहिला. आत पंप नाही! टाकीतलं पाणी एका एकमार्गी झडपेतून खालच्या हीटरच्या नळीत येतं, तिथे उकळतं, आणि वाफेचे बुडबुडेच ते पाणी वर ढकलून पावडरवर ओततात. तोच हीटर खालची तबकडीही गरम ठेवतो. काम चोख. पावडर राहते कागदी फिल्टरमध्ये. हा कागदी फिल्टर 1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने शोधला, मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून. पण दहा कपांच्या यंत्रात एका कपाची पावडर टाकली तर ती तळाला जेमतेम पसरते आणि पाणी तिला नुसतं भिजवून निघून जातं. शिवाय कागद संपले की आणायचे कुठून?

दुसरा उमेदवार मोका पॉट. इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये आणलेलं अॅल्युमिनियमचं भांडं. खालच्या भागात वाफेचा दाब वाढतो आणि पाणी पावडरमधून वर चढतं. कॉफी कडक होते, पण शेगडीपाशी उभं राहावं लागतं. पावणेपाचला उठून सहाच्या आत बाहेर पडणाऱ्या बाईला आणखी एक पहारा कशाला द्यायचा? तिसरा फ्रेंच प्रेस. त्याला जाडसर भरड लागते. आपल्याकडे मिळणारी चिकोरी मिसळलेली बारीक पूड त्यात टाकली तर जाळीतून गाळ कपात येतो. चौथा एरोप्रेस, 2005 मध्ये अॅलन अॅडलर या अमेरिकन इंजिनिअरने बाजारात आणलेला. उडत्या चकत्या बनवणारा हा माणूस कॉफीकडे वळला, म्हणून माझा त्याच्यावर जीव. पण त्यातही त्या क्षणी उभं राहून दाबायचं असतंच.

मामी हे सगळं ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "अरे, रात्री पाणी ओत आणि झोप. सकाळी डिकॉक्शन तयार. कशाला एवढा विचार?"

इथे माझी ट्यूब पेटली. बाकी सगळी यंत्रं माणसाचा वेळ वाचवतात म्हणे, पण माणूस जागा असताना. दक्षिणी फिल्टर माणूस झोपलेला असताना काम करतो! ना वीज, ना कागद, ना पहारा. खाली एक भांडं, वर तळाला भोकं असलेलं दुसरं, पावडर दाबायला मधोमध दांडी असलेली भोकांची चकती, आणि झाकण. फिरणारा भाग एकही नाही, म्हणून बिघडणाराही नाही.

मग एका शनिवारी मी, आई आणि मामी गोवंडीहून वडाळा आणि तिथून गाडी बदलून किंग्ज सर्कलला गेलो. माटुंगा म्हणजे मुंबईतलं कॉफीचं माहेर. कॅफे मद्रास 1940 पासून तिथे आहे, रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून. फुलवाल्यांच्या गल्लीतून चालताना मध्येच ताज्या दळलेल्या कॉफीचा वास येतो आणि पाय आपोआप थांबतात.

भांड्यांच्या दुकानात गेल्यावर दोन गोष्टींवर वाद झाला. पहिला, स्टील की पितळ? पितळी फिल्टर दिसायला राजबिंडा. दुकानदार म्हणाला, पितळ उष्णता धरून ठेवतं. मटेरियल सायन्स शिकलेल्या माणसाला हे पटणं कठीण. पितळ उष्णता स्टेनलेस स्टीलच्या साधारण सातपट वेगाने वाहून नेतं. जुने पितळी फिल्टर गरम राहतात ते जाड आणि जड असतात म्हणून. शिवाय कॉफी आम्लधर्मी, म्हणजे पितळेला आतून कल्हई हवी, आणि कल्हईवाला आता शोधायचा कुठे? स्टील जिंकलं.

दुसरा वाद खरा होता. केवढा घ्यायचा?

आईने सरळ सगळ्यात मोठा उचलला. "बाबा आले, तू आलास, तुझे मित्र आले, तर? आणि पाहुणे?" मित्रांनो, आपल्या प्रत्येक घरात हे वाक्य ऐकू येतं. शोकेसमधला कपांचा सेट पाहुण्यांचा, नवी चादर पाहुण्यांची, आणि घरातलं माणूस मात्र कान तुटलेल्या कपातून पिणार.

मी सॉइल मेकॅनिक्स काढलं. सिव्हिलवाल्यांनी लॅबमध्ये फॉलिंग हेड परमिअॅबिलिटी टेस्ट केली असेल. मातीच्या नमुन्यावर पाण्याचा स्तंभ, तो हळूहळू खाली उतरतो, आपण स्टॉपवॉच धरून बसतो. कॉफी फिल्टर म्हणजे तंतोतंत तेच, मातीच्या जागी कॉफी. याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच इंजिनिअरने 1856 मध्ये मांडला, दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूतून पाणी सोडून. आता हिशेब बघा. एका माणसाच्या दोन कपांना साधारण 20 ग्रॅम पावडर. तिची घनता 0.4 धरली तर ती 50 घनसेंटिमीटर जागा घेते. फिल्टरचा व्यास 7 सेंटिमीटर असेल तर थराची जाडी होते 1.3 सेंटिमीटर. व्यास 5 असेल तर अडीच. पावडर तीच, पाणी तेच, पण अरुंद फिल्टरमध्ये थर जवळजवळ दुप्पट जाड. पाण्याचा स्तंभही दुप्पट उंच, त्यामुळे सूत्राप्रमाणे पाणी उतरायला दुप्पट वेळ. तेवढा वेळ पाणी कॉफीच्या संगतीत राहतं. रुंद फिल्टरमध्ये पातळ थराला कुठेतरी भेग पडते आणि पाणी त्या चोरवाटेने निघून जातं. धरणाच्या बांधात पाइपिंग होतं, तसंच. खाली येतं ते डिकॉक्शन नव्हे, कॉफीचं धुवण.

थोडक्यात, मोठ्या फिल्टरमध्ये थोडी कॉफी चांगली होतच नाही. पाहुण्यांसाठी घेतलेला फिल्टर रोजच्या माणसाला रोज पाणचट कॉफी पाजतो.

आई गप्प झाली. मामींनी मान डोलावली, पण त्यांचं कारण वेगळं होतं. "माझा मोठा फिल्टर आहे. घरात सहा माणसं होती तेव्हाचा. आता दोनच कप लागतात, पण छोटा घेतलाच नाही. मग रोज जास्त पावडर घालायची आणि उरलेलं ओतून टाकायचं. नाहीतर तुझ्या आईला द्यायचं." आणि हसल्या. अकरा वर्षं आमच्या दारात येणाऱ्या टंबलरमागचं गणित तेव्हा कळलं. का कुणास ठाऊक, पण त्यानंतर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

"सगळे आलो तर दोनदा करू," मी म्हटलं. आईने मोठा फिल्टर खाली ठेवला आणि छोटा उचलला.

घेताना मामींनी शिकवलेल्या तपासण्या इथे लिहून ठेवतो. वरचं भांडं उजेडाकडे धरून बघा. भोकं बारीक, गोल आणि सारखी हवीत. चकती सैलसर आत जायला हवी, कडेला अडकायला नको. वरचं भांडं खालच्यावर घट्ट बसावं, पण हवाबंद नको. खालची हवा बाहेर जायला वाट नसेल तर थेंब पडणं थांबतं. घरी असं झालंच तर वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवा, हवा सुटते. भोकं तेलकट होऊन बुजली तर सुईने मोकळी करा.

मग पावडर. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन अजिबात नाही, पण पाण्यात विरघळणारा भाग कॉफीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून रंग आणि दाटपणा पटकन येतो. स्वस्तही पडते. कायद्याने मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते, म्हणून पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या. गडद रंग बघून कॉफी कडक आहे असं समजू नका! परीक्षेच्या रात्री जागायचं असेल तर चिकोरी उपयोगाची नाही. आम्ही 80:20 दळून आणली.

कृती सोपी. 20 ग्रॅम पावडर, चकतीने हलकेच दाबायची, वर 120 मिलिलिटर उकळतं पाणी. उकळतंच हवं, कारण 90 अंशांच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी 20 अंशांच्या पाण्याच्या एकतृतीयांश असते, ते थरातून सहज उतरतं. पावडर स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणजे 40 मिलिलिटर गेलं. उरलं 80. सकाळी त्यात गरम दूध.

मामी डिसेंबरात गेल्या. आता आई रात्री साडेदहाला पाणी ओतते आणि झोपते. दुसरा कप ती थर्मासमध्ये घालून वॉर्डात नेते, तिथे बरोबरच्या सिस्टर वाट बघत असतात. आणि हो, कॉफीत ती जायफळ किसून घालते! मराठी घरात कॉफी म्हणजे जायफळ आलंच. फोनवर हे कळल्यावर मामी बंगळूरहून ओरडल्या म्हणे, "अय्यो, जायफळ? फिल्टर कॉफीत?" आई म्हणाली, "माझ्या एकटीची आहे, मला आवडेल तशी करीन."

हे वाक्य मला फार आवडलं. माझ्या एकटीची आहे, असं आई एखाद्या वस्तूबद्दल म्हणालेली मी तरी पहिल्यांदाच ऐकली.

हॉस्टेलवाल्यांसाठी जाता जाता एक सूचना. या फिल्टरला हॉटप्लेट लागत नाही, म्हणून रेक्टर सर जप्त करू शकणार नाहीत. मेसमधून पातेलीभर उकळतं पाणी आणि सकाळी दूध मिळालं की झालं. फक्त घेताना पूर्ण विंगला पुरेल एवढा घेऊ नका. रोज पिणारे किती, ते आधी मोजा.